ध्वनियंत्रांतील नको असलेला आवाज

तंबोरा जुळवितांना घोडीवर टेकलेल्या प्रत्येक तारेखालीं सुताचा एक बारीक धागा सरकवितात. धागा योग्य जागीं आला कीं तारेच्या साध्या नादास एक दाट झणत्कार येतो. त्यास जवारी म्हणतात. ती नसेल तर मिरजेचा उत्तम तंबोराहि मुका वाटतो. तोच झणत्कार बातम्या ऐकतांना स्पीकरमधून येऊं लागला तर मात्र आपल्या कपाळास आठ्या पडतील. तात्पर्य, कोणताहि ध्वनि स्वभावतः वाईट नसतो. जो आपण मागितला नाहीं व जो मागितलेल्या ध्वनीस झांकून टाकतो, तो नको असलेला आवाज होय.

हल्लीं पुष्कळ घरांत संगणक, दूरचित्रवाणी संच, ॲम्प्लिफायर व स्पीकर हीं एकमेकांस जोडलेलीं असतात, आणि असा आवाज अशा घरीं कधीं ना कधीं उद्भवतोच. मग कोणी म्हणतो नवें यंत्र घ्या, कोणी म्हणतो महागाची तार आणा, आणि एखादा अर्धवट जाणकार असा उपाय सुचवितो कीं ज्यानें आवाज जातो, परंतु घरांतील माणसांचा जीव धोक्यांत येतो. म्हणून या आवाजाचीं कारणें कोणतीं, तीं कशीं शोधावीं, आणि कोणता उपाय कधींहि करूं नये, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम ध्वनीचा प्रवास ध्यानांत घेतला पाहिजे. संगणकांत गाणें सांठविलेलें असतें तें अंकांच्या रूपानें. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. तिच्यावर डाव्या व उजव्या बाजूच्या ध्वनिलहरींची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजून लिहिलेली असते, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या तरी एका पायरीवर बसविलेलें असतें. संगणकांतील गाणींहि याच तत्त्वावर रचलेलीं असतात. ऐकतांना हे अंक एका परिवर्तकाकडे जातात. तो अंकांपासून पुन्हां विजेची लहर घडवितो. ही लहर तारेनें ॲम्प्लिफायरकडे जाते, तेथें ती बलवान होते, आणि शेवटीं स्पीकरचा पडदा हालवून हवेंत ध्वनि उत्पन्न करते.

या प्रवासाचे असे दोन भाग पडतात : परिवर्तकापूर्वीं अंक, परिवर्तकानंतर लहर. दोहोंमधील भेद एका उदाहरणानें स्पष्ट होईल. उत्तरपत्रिकेंत ५ हा अंक कितीहि वाईट अक्षरांत लिहिला, तरी तो वाचतां येतो तोंवर परीक्षक त्यास पांचच समजतो. अक्षर वाईट म्हणून तो सव्वापांच होत नाहीं. परंतु चित्रकलेच्या कागदावर शाईचा डाग पडला तर तो चित्राचाच भाग होऊन बसतो. अंकांच्या मार्गांत बिघाड झाला तर गाणें मध्येंच तुटतें किंवा टक टक असा आवाज येतो. गाण्याच्या मागें सतत चाललेला गुणगुणाट हा मात्र अंकांत शिरत नाहीं. तो लहरीच्या मार्गावरील डाग होय. हा भेद ओळखतां आला म्हणजे अर्धा शोध संपला असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां आवाजाचे प्रकार क्रमानें पाहूं.

सर्वांत अधिक आढळणारा आवाज म्हणजे खर्जांतील संथ "घूं". आपल्या देशांत घरोघरीं येणारी वीज सुमारें २३० व्होल्ट दाबाची असून ती दर सेकंदास ५० आवर्तनें करते. अमेरिकेंत हीच संख्या ६० आहे. मनुष्याचा कान साधारणपणें २० पासून २०,००० आवर्तनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं शकतो. म्हणजे आपली वीज ऐकूं येण्याच्या मर्यादेंतच नाचत असते. ॲम्प्लिफायरच्या आंत तिचें एका दिशेच्या प्रवाहांत रूपांतर होतें, तेव्हां १०० आवर्तनांचा तरंगहि शिल्लक राहूं शकतो. स्पीकरमधून ५० किंवा १०० आवर्तनांचा गुणगुणाट आला कीं घरांतील वीजच गात आहे असें ओळखावें.

ही वीज गाण्यांत शिरते कशी ? याचें नेहमींचें कारण म्हणजे अर्थिंगचें वर्तुळ. तीन पिनी प्लगांतील जाड व लांब पिन ही यंत्राचा धातूचा सांगाडा भूमीशीं जोडते. समजा, संगणक एका खोलींतील बोर्डावर व ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलींतील बोर्डावर लावला आहे. दोन्ही सांगाडे भिंतींतील हिरव्या तारेनें भूमीशीं जोडलेले आहेतच. शिवाय त्यांच्यामधील ध्वनीच्या केबलवर जें जाळीदार तांब्याचें वेष्टन असतें, त्यानेंहि ते एकमेकांस जोडले जातात. याप्रमाणें भूमि, संगणक, केबल, ॲम्प्लिफायर व पुन्हां भूमि असें एक वर्तुळ पुरें होतें. दोन ठिकाणच्या अर्थिंगचा दाब तंतोतंत सारखा असेलच असें नाहीं. दोन हौदांतील पाण्याच्या पातळींत बोटभर अंतर असलें आणि मध्यें नळी जोडली, तर पाणी नळींतून वाहूं लागतें. त्याचप्रमाणें केबलच्या वेष्टनांतून विजेचा अल्प प्रवाह वाहूं लागतो. शिवाय १८३१ सालीं फॅरडेनें दाखवून दिल्याप्रमाणें, बदलत्या चुंबकक्षेत्रांत ठेवलेल्या तारेच्या वर्तुळांत वीज उत्पन्न होतेच, आणि घरांतील विजेच्या तारांभोंवतीं असें क्षेत्र सदैव असतें.

हा दाब किती असतो, हें पाहिलें तर प्रथम हांसूं येईल. परंतु कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्रांतून अत्यंत मोठ्या आवाजाच्या वेळीं जी लहर निघते तीच मुळीं सुमारें २ व्होल्टांची असते. आलापींतील मंद स्वर तिच्या हजाराव्या अंशाइतका म्हणजे २ मिलिव्होल्ट असूं शकतो. तेथें १ मिलिव्होल्टचा गुणगुणाट आला तर तो गायकाच्या शेजारीं बसून गाऊं लागतो. म्हणूनच हा आवाज तबल्याच्या द्रुत लयींत लपतो व आलापींत उघडा पडतो.

दूरचित्रवाणीची केबल हाहि या वर्तुळाचा एक छुपा दुवा आहे. ती घराबाहेरून येते, तिचें वेष्टन दुसरीकडेच कोठें तरी भूमीस लागलेलें असतें, आणि दूरचित्रवाणी संच ॲम्प्लिफायरला जोडला कीं वर्तुळ पुरें होतें.

दुसरा प्रकार म्हणजे बारीक, किरकिरणारा आवाज. लॅपटॉपचा चार्जर विजेचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडतो व जोडतो. त्याचे अवशेष ध्वनीच्या तारेंत उतरतात. संगणकावर चित्र सरकविलें किंवा माऊस हालविला कीं ज्याचा सूर बदलतो, तो आवाज संगणकाच्या पोटांतून येत आहे हें निश्चित. दिव्याचा प्रकाश कमीजास्त करणारा डिमर व पंख्याचे कांहीं रेग्युलेटर विजेच्या लहरीचा एक तुकडा प्रत्येक वेळीं छाटून टाकतात. त्यामुळें कर्कश "झर्र" असा आवाज येतो. वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर साध्या जातीचा असेल तर त्याची लहर गोलाईची नसून कोनेदार असते, व तिच्यामुळेंहि असाच आवाज उठतो. जुन्या दुसऱ्या पिढीच्या पद्धतीनें बोलणारा मोबाईल जवळ असला तर फोन येण्यापूर्वींच स्पीकर "टर्र टर्र" करूं लागतो. कारण त्या पद्धतींत फोन सेकंदास सुमारें २१७ वेळां लहरींचे झटके सोडतो. फोन चार हात दूर ठेवला कीं हा त्रास संपतो.

तिसरा प्रकार खरखरीचा. प्लग, खोबणी किंवा आवाजाचें बटण यांवर मळ व गंज चढला कीं वीज अडखळत जाते. कोंकणांत व मुंबईसारख्या समुद्रकांठच्या शहरांत खारी, दमट हवा हें काम त्वरेनें करते. बटण फिरवितांना खरखर होत असेल तर दोष त्या बटणांतच आहे. यंत्र बंद करून प्लग दोनचार वेळां काढून घातला, तरी पुष्कळदां तात्पुरता गुण येतो.

चौथा प्रकार विजेचा नव्हेच. ठराविक खर्ज स्वर लागला कीं खिडकीची तावदानें, फडताळांतील भांडीं, किंवा स्पीकरचा सैल स्क्रू थरथरूं लागतो. अशा वेळीं तार बदलणें व्यर्थ. हातानें एकेक वस्तु दाबून पाहावी.

पांचवा प्रकार "सूं" असा, दूरच्या पावसासारखा. पदार्थांतील विद्युत्कण उष्णतेमुळें सदैव अस्वस्थ असतात, आणि प्रत्येक विरोधकांत ही अस्वस्थता सूक्ष्म विद्युद्दाबाच्या रूपानें प्रकट होते, हें जॉन्सन व नायक्विस्ट या दोघां शास्त्रज्ञांनीं १९२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सिद्ध केलें. हा आवाज कमी करतां येतो, समूळ नाहींसा करतां येत नाहीं. स्पीकरला कान लावल्यावरच जो ऐकूं येतो, त्यास दोष म्हणूं नये व त्यापायीं पैसा खर्चूं नये.

शेवटीं, कांहीं आवाज मूळ ध्वनिमुद्रणांतच असतात. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें. त्या काळच्या तबकड्यांवरील सुईची खरखर अंकांत रूपांतर झाल्यावरहि तशीच राहते. अंक प्रामाणिक असतात. जें दिलें तेंच परत देतात.

एवढें समजल्यावर शोधाची पद्धति पाहूं. तिचा मुख्य नियम हा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तार, बोर्ड व फोन हीं तीनहि एकदम हालविलीं आणि आवाज गेला, तर कशामुळें गेला हें कळत नाहीं, व तो परत आल्यावर पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. जवळ एक वही ठेवावी व प्रत्येक बदल आणि त्याचा परिणाम तींत टिपावा. केबल काढण्याघालण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं ॲम्प्लिफायर बंद करावा.

पहिली कसोटी : दोनतीन निरनिराळीं गाणीं लावावीं. आवाज एकाच गाण्यांत असेल तर तो ध्वनिमुद्रणांतील समजावा.

दुसरी कसोटी : गाणें थांबवून ॲम्प्लिफायरच्या आवाजाचें बटण अगदीं खालीं आणावें. गुणगुणाट तसाच राहिला तर दोष ॲम्प्लिफायरच्या आंत किंवा त्याच्या पुढें आहे. असें यंत्र जाणत्या कारागिराकडे द्यावें. तें स्वतः उघडूं नये, कारण प्लग काढल्यावरहि आंतील कपॅसिटरमध्यें धोक्याइतकी वीज सांठून राहूं शकते. बटणाबरोबर गुणगुणाट वाढत व कमी होत असेल, तर तो बटणाच्या अलीकडून येत आहे.

तिसरी कसोटी : ॲम्प्लिफायर बंद करून त्यांत येणाऱ्या सर्व केबली काढाव्या व तो पुन्हां सुरू करावा. शांतता झाली तर ॲम्प्लिफायर निर्दोष ठरला. मग एकेक केबल परत जोडावी. जी जोडतांच आवाज उठेल, ती गुन्हेगाराच्या दारांत नेऊन सोडील.

चौथी कसोटी : केबल लॅपटॉपची असेल तर त्याचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. आवाज थांबला तर चार्जर किंवा त्यानें पुरें केलेलें अर्थिंगचें वर्तुळ हें कारण होय. केबल दूरचित्रवाणीची असेल तर संचाच्या मागील बाहेरून येणारी केबल सोडून पाहावी.

कारण सांपडलें कीं उपाय बहुधा स्वस्त निघतो. सर्व ध्वनियंत्रें एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावरून एकाच खोबणींत लावावीं. दोन्ही हौद एक झाले म्हणजे पातळींतील अंतर उरत नाहीं. ध्वनीची केबल आंखूड ठेवावी व ती विजेच्या तारेस समांतर नेऊं नये. ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. एवढ्यानें भागलें नाहीं तर ध्वनीच्या मार्गांत विलगक ट्रान्स्फॉर्मर घालावा. त्यांत दोन वेटोळीं शेजारींशेजारीं असतात, पण तीं एकमेकांस चिकटलेलीं नसतात. गाणें चुंबकत्वाच्या वाटेनें पलीकडे जातें व भूमीचा प्रवाह अलीकडेच राहतो. त्याहून सुंदर उपाय प्रकाशवाहक केबलीचा. तिच्यांतून वीज न जातां प्रकाशाच्या मिचकावण्यांनीं अंकच जातात, तेव्हां वर्तुळ जुळण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं; मात्र दोन्ही यंत्रांस तशी सोय असली पाहिजे. व्यावसायिक ध्वनियंत्रांत तोललेली केबल वापरतात. तिच्या दोन तारांतून तीच लहर परस्परविरुद्ध दिशांनीं जाते व पलीकडचें यंत्र दोहोंतील फरक तेवढा घेतें. बाहेरचा आवाज दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून तो वजा होतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखें वजन टाकलें तर कांटा हालत नाहीं, तसेंच हें.

आतां ज्या उपायाविषयीं आरंभीं सूचना केली, त्याकडे वळूं. अर्थिंगच्या वर्तुळानें गुणगुणाट होतो असें ऐकून कित्येक लोक यंत्राच्या प्लगाची तिसरी पिन काढून टाकतात किंवा ती न जोडणारा प्लग बसवितात. वर्तुळ तुटतें, आवाज थांबतो, आणि उपाय सांगणाराची वाहवा होते. परंतु ती पिन गाण्याकरितां बसविलेली नसून जीव वांचविण्याकरितां बसविलेली आहे. यंत्राच्या आंत एखाद्या दिवशीं तारेचें आवरण जळालें व जिवंत तार सांगाड्यास टेकली, तर अर्थिंग असतांना मोठा प्रवाह भूमीकडे धांवतो, फ्यूज जळतो आणि वीज बंद पडते. अर्थिंग नसेल तर कांहींच घडत नाहीं. गाणें चालूच राहतें, यंत्र नेहमींसारखें दिसतें, आणि त्याचा सांगाडा २३० व्होल्टांवर वाट पाहत राहतो. फरशीवर अनवाणी उभें राहून बटण फिरविणारा पहिला हात, बहुधा घरांतील मुलाचा, भूमीपर्यंतचा मार्ग पुरा करतो. कोणत्याहि गाण्याची शुद्धता इतकी मोलाची नाहीं. पालकांनीं घरांतील प्लग एकदां अवश्य पाहावे; मूळच्या तीन पिनांपैकीं एक तोडलेली आढळली तर तो प्लग तत्काळ बदलून घ्यावा. दोन पिनांचींच म्हणून बनविलेलीं दुहेरी आवरणाचीं यंत्रें असतात. त्यांवर एकांत एक असे दोन चौकोन छापलेले असतात, त्यांची गोष्ट निराळी.

याच्या उलट एक अनुभव कांहीं घरांत येतो. यंत्राच्या धातूस सहज हात लागला कीं मुंग्या आल्यासारखें वाटतें, किंवा हात लागतांच गुणगुणाट कमी होतो. हा यंत्राचा चमत्कार समजूं नये, व मुद्दाम हात लावून त्याची परीक्षाहि करूं नये. पुष्कळ जुन्या घरांत भिंतीवरील खोबणीस भोंकें तीन असतात, परंतु तिसऱ्याच्या मागें तार नसते, किंवा असली तरी भूमीपर्यंत पोंचलेली नसते. अशा वेळीं तो आवाज सबंध घराच्या वतीनें तक्रार करीत असतो. परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावें, आणि भूमीकडे गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत पोंचतांच वीज तोडणारें साधन मुख्य बोर्डावर बसवून घ्यावें.

अंकांच्या मार्गांतील बिघाडांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. संगणक अंक आधीं एका लहान सांठ्यांत भरतो व परिवर्तक त्यांतून ते समान गतीनें घेत राहतो. गच्चीवरील टाकी लहान असली आणि पंप मध्यें मध्यें थांबत असला, तर नळ कोरडा पडतो. तसा संगणक दुसऱ्या कामांत गुंतला व सांठा संपला कीं गाण्यांत टक टक होते. सांठ्याचें माप वाढवावें व अनावश्यक कामें बंद करावीं. बिनतारी ब्लूटूथ स्पीकर तुटक वाजत असेल तर तो वायफाय यंत्रापासून व मायक्रोवेव्ह भट्टीपासून दूर न्यावा, कारण हीं सर्व २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. मोठ्या स्वराच्या वेळींच आवाज फाटत असेल, तर अंक सर्वांत वरच्या पायरीस जाऊन आपटत आहेत व लहरींचीं शिखरें सपाट होत आहेत. संगणकावर खर्ज वाढविण्याची योजना केली असेल तर ती कमी करावी. परंतु संगणकाचा आवाज अगदीं लहान ठेवून ॲम्प्लिफायर पूर्ण उघडणें हेंहि चुकीचें. त्यानें गाण्याबरोबर सर्व "सूं"कारहि मोठा होतो. संगणकाचा आवाज बऱ्यापैकीं वर ठेवून खोलीस पुरेल इतकाच ॲम्प्लिफायर उघडावा.

विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत वडील माणसांच्या देखत आपल्या घरांतील ध्वनियंत्रांचें एक चित्र वहींत काढावें. कोणतें यंत्र कोणत्या बोर्डावर आहे, कोणती केबल कोठून कोठें जाते, आणि अंकांची लहर कोठें होते, हें त्यांत दाखवावें. ज्यास हें चित्र काढतां आलें, त्यास आवाज झाल्यावर कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं. आणि चित्र काढतांना प्रत्येक प्लगाची तिसरी पिन आपल्या जागीं आहे कीं नाहीं, एवढें मात्र सर्वांनीं पाहून घ्यावें.